चिंचेने घासलेले दगड

भाद्रपद वद्य तृतीया

निरोप समारंभात कंपनीने यांना घड्याळ, शाल आणि ही सन २००१ ची डायरी दिली. वर्ष निम्म्याहून सरल्यावर डायरी कसली देतात! घड्याळ भिंतीला लागलं, शाल ट्रंकेत गेली, डायरी तशीच पडून होती. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही. वाणसामानाचा हिशेब वेगळ्या वहीत असतो, तेव्हा इथे बाकीचं लिहीन म्हणते. छापलेली तारीख खोडून वर तिथी घातली की झालं.

बाकीचं म्हणजे काय, तेही एकदा लिहावं. माझा सगळा संसार यांच्या शिफ्टवर चालला. हे दिवसा झोपलेले असायचे तेव्हा मी भांड्याला भांडं लागू न देता घासायची. आम्हाला मूलबाळ नाही. हे निवृत्त झाले की दोघांनी समोरासमोर बसून गरम गरम जेवायचं, संध्याकाळी धावीर महाराजांच्या देवळात जाऊन यायचं, एवढंच मी मनात धरून होते. पण हे दिवसभर मागच्या खोलीत असतात. पूर्वी तिथे भाताची कणगी असायची. खिडकी नाही, दार लावलं की काळोख. आता फळ्या ठोकून त्यावर दगड मांडलेत.

दगड म्हणजे खाणीतले. काळा पत्थर सुरुंगाने फुटला की त्याच्या पोटात पोकळ्या निघतात, त्यात हे स्फटिक असतात. नूरभाई, म्हणजे निडीच्या खाणीवर सुरुंग लावणारे नूरमहंमद, यांचे जुने दोस्त. तेच डब्यात घालून आणून देतात. शिवाय मुंबईहून एक दिवा मागवलाय. चपटा डबा आणि त्याला जांभळी काच. काळोखात धरला की म्हणे दगड आतून उजळतात. दिव्याची रक्कम मी हिशेबात ‘किरकोळ’मध्ये टाकली. किरकोळ नव्हती.

आज आतून हाक आली, “येतेस का गो बघायला?”

म्हटलं, “दूध तापतंय.”

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसवले. दारातली रांगोळी पुरती वाळली नव्हती तोच हे तिच्यावरून चालत गेले. कमळाच्या तीन पाकळ्या पुसल्या. सणाचा दिवस, मी त्या परत भरल्या. पण खाली बघायला काय होतं माणसाला?

दुपारी नूरभाई आले. चहा ठेवला. खोलीत दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. नूरभाई म्हणत होते,

“कापूस हाय नुसता. दगडाला कापूस! खाणीवरचा उस्तादसुद्धा बोलला, असा कदी बगितला नाय.”

“हात नको लावू. मी बघतो.”

“आनि तुमी लावलात तो चालतो?”

“माझा हात वेगळा.”

मग दोघं हसले. दगडाला म्हणे कापूस. थट्टा करायलाही काही सुमार असतो. चहा नेऊन दिला तेव्हा हे मला म्हणाले, “बस ना जरा. दार लावून घे.” परका पुरुष घरात, आणि मी काळोखात दार लावून बसू? तेही घटस्थापनेला? मी कप टेकवून बाहेर आले. यांनी उचलायला हात पुढे केला तो कपाच्या पलीकडेच गेला. नूरभाईंनी कप सरकवून त्यांच्या बोटांना लावला. निवृत्त झाल्यापासून हे असे आळशी झालेत.

आश्विन शुद्ध सप्तमी

खतीजाभाभींनी आज कुंपणावरून गाऱ्हाणं घातलं. खतीजाभाभी म्हणजे आमच्या शेजारणी. धाकटा नझीर इथे रिक्षा चालवतो, थोरला आखातात. म्हणाल्या, “गिरजाताय, भावजी रागावलेत काय? काल रस्त्यात समोरासमोर आले. मी हसले तर सरळ निगून गेले, वळख नाय दाखवली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी विचारलं तर हे म्हणाले, “कोण? खतीजाभाभी? मला वाटलं दुसरं कोण.” पंचवीस वर्षांचा शेजार आणि दुसरं कोण! रिटायर झाल्यावर माणसाला गर्व चढतो का? चढायला तसं कारण तरी काय?

आश्विन वद्य द्वितीया

आज जेवताना हे दगडांबद्दल बरंच बोलले. खूप दिवसांनी बोलले म्हणून मी वरण वाढायचं थांबून ऐकत होते. त्या दिव्यातून जो उजेड येतो तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. जांभळट दिसतो ती नुसती त्याची कडा. खरा उजेड दगड गिळतो, आणि आपल्याला दिसेल असा करून परत देतो. कुठला हिरवा देतो, कुठला गुलाबी, कुठला नुसता चुन्यासारखा पांढरा. काही दगड दिवा विझवल्यावरही जरा वेळ उजळत राहतात. सगळेच देत नाहीत. दोन जुळे वाटणारे दगड शेजारी ठेवले तर एक पेटतो आणि एक मुका राहतो.

मी म्हटलं, “मग प्रत्येकाला चिठ्ठी लावून ठेवा की. मी लिहून देते, माझं अक्षर बरं आहे.”

“नको. मला ठाऊक हाय कुठला कुठला.” असं म्हणत पाटाशेजारी ठेवलेल्या दगडावरून यांनी अंगठा फिरवला. “हा बघ, ह्याच्या तीन धारा आणि एक कोपरा तुटका. हा हिरवा.”

“बघायला येते उद्या,” मी म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी दिवाळीची भाजणी निघाली आणि राहिलं. (हे आज चतुर्थीला लिहिते आहे. परवाचं अर्धं राहिलं होतं.)

कार्तिक शुद्ध दशमी

दिवाळी झाली. दोन माणसांत कसली दिवाळी. चकल्या नूरभाईंकडे आणि खतीजाभाभींकडे पाठवल्या. उरल्या त्या अजून डब्यात आहेत.

यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिमुकली बाटली सापडली, ड्रॉपरची. धुवायला टाकण्यापूर्वी मी खिसे बघते. विचारलं तर म्हणाले, “दगडाचं औषध.” आता दगडांना औषधंही सुरू झाली.

कार्तिक वद्य षष्ठी

नझीर सांगत होता, हे त्याला मंगळवारी पेणच्या स्टँडवर दिसले. मंगळवारी हे मला निडीला खाणीवर जातो म्हणून सांगून गेले होते. खाण निडीला आणि माणूस पेणला. माझं माहेर हमरापूर, पेणच्या जवळ. भावाच्या गणपतीच्या कारखान्यात गेले असतील म्हणून भावाला फोन लावला, तर तो म्हणतो भावजी वर्षभरात फिरकले नाहीत.

पाप मनात आलं. या वयात. मन चिंती ते वैरी न चिंती. जपाची माळ घेऊन बसले, पण मणी नुसते पुढे सरकत होते.

संध्याकाळी विचारलं, “खाण कशी होती?”

म्हणाले, “होती तशीच हाय.”

मागच्या खोलीतून हाक आली तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मार्गशीर्ष, पहिल्या गुरुवारचा आदला दिवस

माझ्याकडून काहीतरी मोठं झालंय. काय झालंय ते नीट कळलेलं नाही.

उद्या बायका हळदीकुंकवाला येणार म्हणून घर झाडलं. देव घासायला काढले. चिंच कोळून मीठ घातलं, समया, ताम्हन, लंगडा बाळकृष्ण सगळं लख्ख झालं. चिंच बरीच उरली. हे नूरभाईंबरोबर बाहेर गेले होते. मनात आलं, एवढे दिवस त्या दगडांना मी हात लावला नाही, एक शब्द चांगला बोलले नाही. आज ते घासून ठेवू. संध्याकाळी येऊन बघतील तर बरं वाटेल. भांडण काही झालेलं नाही, पण मिटवायला काहीतरी हवं होतं.

सगळे दगड अंगणात आणले. केवढी धूळ! एकावर तर पांढरी बुरशी आली होती, सशाच्या शेपटीसारखी. ती आधी काथ्याने खरडून काढली. बाकीचे चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवले. काहींवर बारीक फेस उठला, मला वाटलं मळ सुटतोय. मग देवांसारखेच एकेक घासले, धुतले, उन्हात वाळवले आणि परत फळ्यांवर मांडले. मोठे मागे, लहान पुढे. सरस्वतीच्या फोटोपुढे पुस्तकं मांडावीत तसे.

वाळल्यावर काही जरा पांढुरके वाटले. म्हटलं, पाण्याचे डाग असतील.

हे आले. मी म्हटलं, “आत जाऊन या, गंमत केलीय.” दार उघडं होतं, भर उजेड आत पडला होता. हे फळीपाशी गेले आणि पहिला दगड उचलला. अंगठा फिरवला. खाली ठेवला. दुसरा उचलला. परत पहिला. मग सगळ्या फळीवरून हात फिरवत गेले, भिंत चाचपावी तसे.

“हा कुठला?” यांनी विचारलं.

म्हटलं, “दगडच आहे.”

“कापसाचा कुठे गेला?”

“बुरशी आलेला? तो साफ केला.”

हे बसले खाली, जमिनीवर. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “कशाने धुतलेस?” मी सांगितलं. यांनी मान हलवली आणि उठून ओटीवर गेले. उठताना चौकटीला खांदा लागला.

मार्गशीर्ष, दुसरा गुरुवार

अबोला तसा नाही. जेवायला बोलावलं तर येतात. मीठ मागतात. पण मागच्या खोलीत एकदाही गेले नाहीत. ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसतात. कोणी गेलं आलं तरी मान वळत नाही.

इतके महिने आतून हाक यायची आणि मी जायची नाही. आता हाक येत नाही तर दुपारभर माझे कान मागच्या भिंतीला लागलेले. कहाणी वाचताना दोनदा ओळ चुकले. बायकांच्या लक्षात आलं नाही, त्या आपल्या हातातली फुलं सांभाळत होत्या.

कापसाच्या दगडाचं मला आता कळलंय, यांनीच दोन शब्दांत सांगितलं. तो कापूस दगडाचाच होता, केसासारखे स्फटिक. मीच काथ्याने काढला. देवाला हात जोडले, पण क्षमा देवाकडे मागायची नाही हे मलाही समजतं. यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. शेवटी विचारलं, “चहा ठेवू?”

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

नूरभाई आले होते. नवा दगड आणला होता, रुमालात गुंडाळून. यांनी तो घेतला नाही. “ठेव तुझ्याकडेच,” म्हणाले. नूरभाई मागीलदारी पाणी प्यायला आले.

मी म्हटलं, “नूरभाई, एका चिंचेपायी एवढा राग? चुकलं माझं. पण दगडच ना? खाणीत दुसरे निघतील.”

नूरभाई तांब्या हातात धरून उभे राहिले. “वैनी, दगडाचा नाय हो. ते बोटांनी वळखायचे.”

“म्हणजे?”

“तुमाला खरंच म्हायत नाय?” मग ओटीकडे बघून आवाज उतरवला. “काचबिंदू हाय त्यांना. डावा डोळा गेला, उजव्याला पण बाजूचा दिसत नाय, मदला तेवडा दिसतो. पेणच्या डॉक्टरकडे मीच नेतो. तो बोलला, गेलेली नजर येत नाय. थेंब टाकून हाय ती धरून ठेवायची. काळोकात तो दगड पेटला की त्यांना सरळ दिसायचा, बाजूचा काय मदे येत नाय. आनि दिवसा बोटांनी. धार, कोपरा, सगळा पाठ. आता तुमी धारा घालवल्यात.”

मला राग आला. खरं लिहायचं तर आधी रागच आला. “तुम्हाला सांगितलं आणि मला नाही?”

“मी बोललो होतो, वैनीला सांगा. तर म्हनाले, सांगितला तर ती पाण्यावर उपास धरील, सोळा सोमवार घालील, आनि मला देवळादेवळात फिरवील. त्यापरीस एकदा खोलीत येऊन बसू दे, मग सांगतो.”

हसू पण आलं आणि रडू पण. नूरभाई गेले. रांगोळी, कप, खतीजाभाभी, पेण, बाटली, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे येत राहिलं. माझे डोळे तर धड आहेत.

मार्गशीर्ष वद्य सप्तमी

देवळात गेले होते. नवस बोलायचा म्हणूनच निघाले होते. समोर उभी राहिले आणि बोलले नाही. यांनी आधीच ओळखून ठेवलेली गोष्ट करायची लाज वाटली. हात जोडले, नुसतं म्हटलं, बघ बाबा.

दुपारी हे ओटीवर डुलक्या घेत होते तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. दार लावलं, फटीत गोधडी खोचली. दिव्याचं बटण सापडायला वेळ लागला. हे नेहमी म्हणायचे, दिव्याकडे सरळ बघू नये, म्हणून तोंड फिरवून धरला.

मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं ते आज बघितलं. फळीच उजळली. दिवसा पांढुरका, मेणचट झालेला दगड, माझ्या चिंचेने मारलेला, तो असा गुलाबी पेटला होता की मी हात मागे घेतला. दुसरा हिरवा. एकाच्या एका शिरेतून पिवळं, बाकी काळोख. मी घासून घासून वरचं रूप घालवलं होतं, आतल्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. कापसाचा मात्र गेला. तो नुसता टवका होऊन पडलाय, मुका.

डोंगराच्या पोटात, जिथे दिवा नाही आणि बघणारा नाही, तिथे हे रंग कशाला करून ठेवले असतील? देवाचं काही मी विचारत नाही सहसा. आज विचारलं. यांनाही खोलीत बसून असंच वाटत असेल का? दारापलीकडे मी होते, दूध तापवत.

मार्गशीर्ष वद्य नवमी

सकाळी थेंब मी घातले. बाटली मागितली तेव्हा हे दचकले.

“नूऱ्याने सांगितलान?”

“हो. मान मागे करा.”

“उपास धरलास?”

“नाही. पोट भरून खाल्लंय. डोळा मिटू नका.”

थेंब गालावर ओघळला तो मी पदराने टिपला. दुपारी म्हटलं, “चला, दगड बघू.”

“आज दूध तापत नाय काय?”

“तापलं. विरजण लावायचं ते लावलं. आता काय दुसरी म्हैस आणू?”

हसले नाहीत, पण उठले. आत बसल्यावर यांनी दिवा धरला, मी दगड एकेक करून समोर धरला. “हा?” म्हणून यांनी विचारलं.

“गुलाबी आहे.”

“गुलाबी सतरा प्रकारचा असतो.”

मला सांगता येईना. मग आठवलं. हमरापूरला आमच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायचं काम मोठ्या कारागिरांचं, आम्हा पोरींकडे उंदीर रंगवायला असायचे. म्हटलं, “गणपतीच्या उंदराच्या कानाच्या आत भरतात तो गुलाबी.”

“हे काय सांगणं झालं?”

“मग मला दुसरा कुठला गुलाबी ठाऊक आहे? आम्ही गाडगंभर भरलाय तो.”

“बरं. उंदराचा कान.” यांनी दगड हातात घेतला आणि नव्याने अंगठा फिरवायला लागले. धारा गेल्या होत्या, पण एके जागी माझ्या काथ्याचा ओरखडा होता. तिथे नख टेकवलं. “ओरखडा, उंदराचा कान. पुढचा?”

पुढचा हिरवा. मी म्हटलं मूर्तीच्या शेल्याचा. हे म्हणाले शेवाळाचा. त्यावर भांडलो. पस्तीस वर्षांत एवढं भांडलो नव्हतो. दोन फळ्या झाल्या तेव्हा दिवेलागण झालेली. देवापुढे दिवा लावायला उशीर झाला, तो देव समजून घेईल.

पौष शुद्ध एकादशी

ही जुनी डायरी संपली. पुढचं मागच्या कोऱ्या पानांवर. तिन्ही फळ्या पाठ झाल्या यांना. मलाही. नूरभाई नवे दगड आणतात आणि दारातूनच ओरडतात, “वैनी, चिंच लपवा!”

गेल्या मंगळवारी पेणला मीही गेले. डॉक्टर यांच्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलले. मला त्यांचं बोलणं आवडलं नाही.

माघ शुद्ध चतुर्थी, गणेश जयंती

नैवेद्य झाला, जेवणं झाली. हे दोन मोदक जास्त जेवले. मग आत बसलो. आताशा दिवा मी धरते. यांच्या मांडीवर कालचा नवा दगड होता, मी दार लावून फटीत गोधडी खोचली आणि बटण दाबलं. वरची फळी उजळली, मग मधली. यांच्या हातावरही तो जांभळा उजेड पडला होता, नखं पांढरी दिसत होती.

थोडा वेळ गेला. हे फळीकडे तोंड करून बसले होते, जरासे डावीकडे.

मग म्हणाले, “लाव ना गो दिवा.”

माझ्या हातात दिवा चालू होता. मग मी बटण दाबलं. खोली काळी झाली. परत दाबलं, जरा जोरात, खट्कन ऐकू यावं असं.

“लावला,” म्हटलं.

“हां,” हे म्हणाले. “आता सांग. वरच्या फळीपासून.”

मी सांगायला लागले. एकेक दगड सांगून झाला की हे म्हणायचे, “पुढे?”